आपल्या धंद्याची गोडी पुन्हां कशी लागेल?

"जगांत जर्मनी, भारतांत परभणी" ही म्हण आमच्या जिल्ह्यांतील लहानथोरांच्या तोंडीं आहे. तिच्यांत अभिमान किती व विनोद किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या कांठची खोल काळी जमीन, तिच्यावर पिकणारी ज्वारी, तूर व कापूस, आणि मानवत व सेलू यांसारखे कापसाचे नांवाजलेले बाजार पाहतां हा अभिमान अगदींच निराधार आहे असें कोणास म्हणतां यावयाचें नाहीं. असें असूनहि आज जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकीं कोणत्याहि तालुक्यांत जा, एक वाक्य वारंवार कानीं येतें व मनास लागतें. "शेती करतों, कारण दुसरें कांहीं जमत नाहीं," असें सांगणारे शेतकरी जिकडे तिकडे भेटतात. जमीन तीच आहे, कसणारे हातहि तेच आहेत. परंतु स्वतःच्या धंद्याविषयीं माणसाच्या मनांत जी गोडी असावी लागते, ती आटत चालली आहे.

गोडी आटली म्हणजे काय होतें, हें शेत पाहिल्याबरोबर कळतें. वाफसा आला असतां वखर दोन दिवस उशिरां निघतो. कोळपणीची पाळी चुकते. बांधावरचें तण बांधावरच फुलतें व त्याचें बीं शेतांत पडतें. औषध दुकानदार देईल तें, आणि भाव आडत्या सांगेल तो. घरांतील मुलगा शाळेंतून आला कीं त्याच्या कानीं एकच उपदेश पडतो, कीं बाबा रे, तूं कांहींहि कर, पण शेती करूं नकोस. जो धंदा बापालाच नकोसा झाला, तो मुलानें हौसेनें पत्करावा ही अपेक्षाच व्यर्थ होय. अशा रीतीनें एकेका घरांतून शेती उठते. जमीन प्रथम बटाईनें किंवा ठोक्यानें जाते, व पुढें एके दिवशीं विकली जाते.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. थकलेल्या शेतकऱ्यास आळशी म्हणण्याची एक रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. २०१२, २०१४ व २०१५ या सालीं मराठवाड्यानें अवर्षण सोसलें. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. २०१७ सालीं कापसावर शेंदरी बोंडअळीचा मोठा हल्ला झाला. आणि २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत ठिकठिकाणीं उभीं पिकें अतिवृष्टीनें पाण्याखालीं गेलीं. एवढे आघात ज्यानें सोसले त्याचें मन थकलें तर त्यांत नवल नाहीं. कर्जापायीं व नापिकीपायीं ज्या घरांतील कर्ता माणूस गेला, त्या घरास हौसेचा उपदेश करणें हा निर्दयपणा होईल. तेथें शेजाऱ्यांनीं हात द्यावयाचा असतो. ज्याची झोंप उडाली आहे, ज्यास कोणाशीं बोलणेंहि नकोसें झालें आहे, त्यास आधीं डॉक्टरांकडे न्यावें. आमचें हें लिहिणें आहे तें त्या मोठ्या समुदायासाठीं, ज्याचें कसेंबसें चाललें आहे, परंतु चालविण्यांत ज्याचें मन राहिलेलें नाहीं.

गोडी जाते कोठें?

केवळ तोट्यामुळें शेतकऱ्याची गोडी जाते, असें आम्हांस वाटत नाहीं. तोटा आमच्या आजोबा-पणजोबांनींहि सोसला. निजामी अमदानींतील सावकार व सारा, बेभरवशाचा पाऊस, टोळधाड, रोगराई, यांतून ते गेलेच. परंतु त्यांच्या हातीं एक गोष्ट होती. कोणतें बीं ठेवावयाचें, तें कणगींत कसें जपावयाचें, चाड्यावर मूठ कधीं व किती घट्ट धरावयाची, तुरीच्या ओळी किती अंतरानें टाकावयाच्या, हें सर्व ते स्वतः ठरवीत. निर्णय चुकला तर आपला चुकला, साधला तर आपला साधला. चुकीपासून शिकतां येत होतें, कारण चूक कोठें झाली हें माहीत होतें.

आज काय स्थिति आहे? २००२ सालीं आपल्या देशांत बीटी कापसास परवानगी मिळाली, व थोड्याच वर्षांत कापसाचें जवळ जवळ सर्व बीं संकरित झालें. संकरित पिकाचें बीं पुढील वर्षीं पेरलें तर तसेंच पीक येत नाहीं, म्हणून तें दरसाल विकत घ्यावें लागतें. हें सर्वस्वीं वाईट झालें असें आमचें म्हणणें नाहीं. बोंडअळीवरचे पुष्कळ फवारे त्या बियाण्यानें कांहीं वर्षें वांचविले हें खरेंच आहे. परंतु बियाण्याचा निर्णय शेतकऱ्याच्या घरांतून दुकानाच्या फळीवर गेला, हेंहि तितकेंच खरें. बैल गेले व भाड्याचा ट्रॅक्टर आला, तेव्हां नांगरट किती खोल करावयाची व केव्हां करावयाची हें ट्रॅक्टरवाल्याच्या सवडीवर राहिलें. कोणती कीड, कोणतें औषध, किती मात्रा, हें दुकानदारानें ठरविलें. रास झाल्याबरोबर उसनवारी फेडावयाची म्हणून माल त्याच आठवड्यांत मोंढ्यावर गेला, व भाव बाजारानें ठरविला.

यांतील प्रत्येक निर्णय सोयीसाठीं दुसऱ्याच्या हातीं गेला; कोणी हिरावून नेला असें नाहीं. परंतु सर्व गेल्यावर शेतकऱ्याकडे राहिलें काय? कष्ट राहिले व जोखीम राहिली. धंदा आपला, कर्ज आपलें, जोखीम आपली, आणि निर्णय मात्र दुसऱ्याचा, अशी स्थिति आली म्हणजे मालक आपल्याच शेतावर सालगडी होतो. सालगड्यास तरी ठरलेलें साल मिळतें. याला तेंहि नाहीं. अशा कामांत कोणाचें मन रमेल?

रोगाचें हें निदान बरोबर असेल तर त्याचा उपायहि त्यांतच आहे. गोडी व्याख्यानानें येत नाहीं, किंवा दुसऱ्याच्या यशाचीं छायाचित्रें पाहूनहि येत नाहीं. गेलेल्या निर्णयांपैकीं एखादा निर्णय शेतकऱ्यानें परत आपल्या हातीं घेतला, त्याचा परिणाम स्वतः मोजला, व पुढील हंगामांत त्यांत सुधारणा केली, म्हणजे ती हळूहळू परत येते.

भेंडीची एक गोष्ट

हें कसें घडतें याचें एक उदाहरण परभणीच्याच मातींतलें आहे. निजाम सरकारनें १९१८ सालीं परभणीस प्रायोगिक शेत काढलें. १९५६ सालीं तेथें कृषि महाविद्यालय सुरू झालें. आणि १८ मे १९७२ रोजीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें, ज्यास २०१३ पासून वसंतराव नाईक यांचें नांव आहे. त्या काळीं भेंडीची 'पुसा सावनी' नांवाची जात देशभर लावली जात असे. पुढें पांढऱ्या माशीनें पसरणाऱ्या पिवळ्या शिरांच्या रोगास ती बळी पडूं लागली. पानें पिवळीं, फळें पांढुरकीं, आणि बागवानाच्या हातीं निराशा.

परभणीचे शास्त्रज्ञ डॉ. जांभळे व डॉ. नेरकर यांनीं त्याच पुसा सावनीचा संकर भेंडीच्या कुळांतील दुसऱ्या एका जातीशीं केला. ती जात खाण्यास उपयोगी म्हणून नव्हे, तर रोगास दाद देत नाहीं म्हणून निवडलेली होती. असा दूरचा संकर सहजासहजीं फळत नाहीं. पिढ्यामागून पिढ्या लावून, निवडून, टाकून द्याव्या लागतात. त्यांतून १९८५ च्या सुमारास 'परभणी क्रांति' ही जात बाहेर पडली, व भेंडीच्या निमित्तानें आमच्या जिल्ह्याचें नांव देशांतील बागाइतदारांच्या तोंडीं झालें. ही जात सरळ वाणाची असल्यामुळें तिचें बीं शेतकऱ्यास घरीं धरतां येतें, हाहि तिचा एक गुण होय.

या गोष्टीचा उत्तरार्धहि सांगितला पाहिजे. कांहीं वर्षांनीं अनेक ठिकाणीं परभणी क्रांतीचीहि रोग सोसण्याची शक्ति कमी झाली, व नव्या जातींचा शोध पुन्हां सुरू ठेवावा लागला. पिकाची प्रतिकारशक्ति एकदां मिळाली म्हणजे जन्मभर पुरते असें नाहीं. धंद्याच्या गोडीचेंहि तसेंच आहे. ती दर पांच-दहा वर्षांनीं नवें कांहीं आणून पुन्हां जोपासावी लागते. ज्याची गोडी एकदां गेली, त्याचा धंदाच संपला असें समजण्याचें कारण नाहीं.

शेतकऱ्यांच्याच गिऱ्हाइकीवर उभ्या राहिलेल्या एका कारखान्याचें उदाहरणहि येथें आठवतें. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली म्हणून त्यांनीं नोकरी सोडली व बेळगांवीं येऊन स्वतःचा धंदा मांडला. १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमिनींत विष कालवलें जाईल, अशी त्या वेळीं शेतकऱ्यांची समजूत होती, व दोन वर्षें नांगर पडून राहिले. तरी त्यांनीं भट्टी विझूं दिली नाहीं, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या अधिपतींनीं दिलेल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. दोन वर्षें विक्री नसतां धंद्याची हौस टिकते कशी? आमच्या मतें याचें कारण असें, कीं कोणती वस्तु करावयाची व तींत काय सुधारावयाचें, हें ठरविणें त्यांच्या हातीं होतें. त्यांच्या पदरीं तोटा होता, पण परावलंबन नव्हतें.

पहिला निर्णय: बीं

आतां आपल्या शेताकडे वळूं. परभणी जिल्ह्यांत खरिपाचें मुख्य पीक म्हणून सोयाबीननें मोठी जागा घेतली आहे. निर्णय परत घेण्यास हें पीक फार सोयीचें आहे, कारण सोयाबीनमध्यें स्वपरागीकरण होतें. चांगल्या प्रमाणित बियाण्यापासून आलेल्या पिकाचें बीं पुढें दोन-तीन हंगाम घरचें म्हणून वापरतां येतें. एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-६१२ या तर परभणीच्याच विद्यापीठानें काढलेल्या जाती आहेत.

मात्र सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते, व निष्काळजीपणानें हाताळलेलें बीं उगवत नाहीं. याकरितां बियाण्यासाठीं शेतांतील उत्तम तुकडा आधींच राखून ठेवावा. त्यांतील निराळ्या जातीचीं व रोगट झाडें उपटून टाकावीं. पावसांत भिजलेला माल बियाण्यास घेऊं नये. मळणी करतांना यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटास ३०० ते ४०० च्या आंत ठेवावे. बीं वाळवून त्यांतील ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणावा. पोतीं जमिनीवर न ठेवतां लांकडी फळ्यांवर ठेवावीं, थप्पी सात फुटांहून उंच करूं नये, व चढविताना-उतरविताना पोतीं आदळूं नयेत.

पेरणीच्या आधीं उगवण पाहणें हें सर्वांत महत्त्वाचें. सरसकट शंभर दाणे मोजून घ्यावे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलींत ठेवावा व पाणी शिंपडीत रहावें. पांच ते सात दिवसांनीं उघडून सशक्त कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक निघाले, तर एकरीं ३० किलो बीं पुरे. साठच निघाले, तर हिशेबानें ३५ किलो घ्यावें. त्याहून फार कमी निघाले, तर तें बीं पेरूं नये, मोंढ्यावर न्यावें. या सर्व प्रयोगास एक गोणपाट व घरांतील शाळकरी मुलगी एवढ्याच दोन गोष्टी लागतात. परंतु ज्या घरांत मे महिन्यांत हा गोणपाट उलगडला जातो, त्या घरांत पेरणीविषयीं बोलणें सुरू होतें. दहा एकरांस तीन क्विंटल बीं लागतें. तें विकत आणण्याचा खर्च वांचतो हा लाभ तर आहेच. पण उगवण कमी झाली असतां दुकानदारास दोष देत बसण्याची पाळी येत नाहीं, हा लाभ त्याहून मोठा आहे.

दुसरा निर्णय: हिशेब

आपल्या शेतकऱ्यास पीक किती झालें हें आठवतें. खर्च किती झाला हें मात्र आठवत नाहीं. वाण्याकडे वही आहे, आडत्याकडे वही आहे, औषधाच्या दुकानांत वही आहे. वही नाहीं ती एकट्या शेतमालकाकडे. ज्या धंद्याचा हिशेब दुसऱ्याच्या चोपडींत असतो, तो धंदा आपला म्हणावा तरी कसा?

सरकारी आयोग पिकाची आधारभूत किंमत सुचवितांना खर्च तीन परीनें धरतो. प्रत्यक्ष पैसा मोजून केलेला खर्च ही पहिली परी. तींत घरच्या माणसांच्या श्रमाचें मोल मिळविलें म्हणजे दुसरी. आणि आपल्याच जमिनीचा खंड व आपल्याच भांडवलाचें व्याज धरलें म्हणजे तिसरी. २०१८-१९ पासून सरकार दुसऱ्या परीच्या दीडपट किंमत जाहीर करतें. तिसऱ्या परीवर ती असावी अशी शेतकरी संघटनांची मागणी आहे. हा वाद आपल्या जागीं महत्त्वाचा आहे. परंतु आपला स्वतःचा खर्च कोणत्या परीनें किती, हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास या वादांत आपली बाजूहि मांडतां येत नाहीं.

एक नमुना पाहूं. समजा, घरची मजुरी धरून सोयाबीनचा एकरीं खर्च २४,००० रुपये झाला. उत्पन्न ६ क्विंटल आलें, तर एक क्विंटल ४,००० रुपयांस पडलें. उत्पन्न ८ क्विंटल आलें, तर तेंच ३,००० रुपयांस पडलें. आणि ४ क्विंटलच आलें, तर ६,००० रुपयांस पडलें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलास ५,३२८ रुपये होती. म्हणजे चार क्विंटलच्या शेतास आधारभूत किंमत पुरी हातीं आली तरीहि तोटाच. ज्या तुकड्यांत वर्षानुवर्षें चारच क्विंटल येतात, त्या तुकड्यांत सोयाबीन कां पेरावें, हा प्रश्न वही समोर असल्यावांचून कोणासच पडत नाहीं. तेथें पाणी सांचत असेल, तर रुंद वरंबा व सरी पाडून पेरावें. जादा पाऊस झाला तर सरीवाटे पाणी निघून जातें, व कमी झाला तर सरींतच मुरतें. जमीन हलकी असेल, तर पीकच बदलावें. कोणता उपाय करावयाचा हें शेत पाहून ठरेल. परंतु प्रश्न विचारण्याचें काम वहीच करते.

तिसरा निर्णय: विक्री

राशीचा आठवडा हा शेतकऱ्याच्या वर्षांतील सर्वांत हताश आठवडा असतो. सर्वांचा माल एकदम मोंढ्यावर येतो, भाव पडतो, व तोच भाव घ्यावा लागतो. यावर एक साधन आहे. राज्य कृषि पणन मंडळ बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना चालवीत आहे. सोयाबीन, तूर यांसारखा माल गोदामांत ठेवून त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल सहा महिन्यांसाठीं सालीना ६ टक्के व्याजानें देण्याची तींत सोय आहे. आपल्या बाजार समितींत ती चालू आहे कीं नाहीं, हें सुगीच्या आधीं एक महिना चौकशी करून ठेवावें; रास झाल्यावर चौकशी केली तर उशीर होतो.

माल ठेवला म्हणजे भाव वाढेलच असें मात्र नाहीं. म्हणून सर्व माल ठेवूं नये व सर्व विकूंहि नये. निकडीच्या देण्यापुरता विकावा, उरलेल्यांतील कांहीं भाग ठेवावा, आणि आपल्या वहींतील पडत्या किंमतीचा आंकडा लक्षांत ठेवून पुढें विकावा. 'नाहीं, आज देत नाहीं,' असें मोंढ्यावर एकदां म्हणतां आलें, तरी त्या माणसाच्या चालण्यांत फरक पडतो.

पाण्याची सोय असेल तर

जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रांत, अथवा ज्यांची विहीर मार्च-एप्रिलपर्यंत टिकते अशांस एक जोडधंदा पाहण्यासारखा आहे. तो रेशमाचा. मराठवाड्यांत अलीकडच्या वर्षांत तो बराच पसरला असून परभणीच्या विद्यापीठांत रेशीम संशोधनाचें कामहि चालतें. पूर्वीं कोष विकण्यास कर्नाटकांतील रामनगरापर्यंत जावें लागे. २०१८ सालीं शेजारीं जालन्यासच कोषांची बाजारपेठ उघडली.

तुतीचा मळा एकदां लावला म्हणजे दहा-पंधरा वर्षें टिकतो. अंड्यापासून कोषापर्यंत सुमारें २८ दिवस लागतात. त्यांतील पहिलें नाजुक संगोपन चॉकी केंद्रांत होतें, व शेतकऱ्यास उरलेले तीनएक आठवडेच अळ्या सांभाळाव्या लागतात. शंभर अंडीपुंजांपासून चांगलें संगोपन झालें तर ६० ते ८० किलो कोष निघतात, व वर्षांत पांच-सहा पिकें घेतां येतात. गोडीच्या दृष्टीनें या धंद्याचें वैशिष्ट्य असें, कीं आपल्या दक्षतेचें फळ महिन्याभरांत डोळ्यांपुढें येतें. शेडमधील उष्णता, हवेंतील दमटपणा, पाल्याचा ताजेपणा, स्वच्छता, यांतील कोणती गोष्ट चुकली हें अळीच सांगते. कापसांत जी चूक कळण्यास वर्ष लागतें, ती येथें आठवड्यांत कळते, व पुढील महिन्यांत सुधारतां येते.

तथापि हा धंदा सर्वांस मानवेल असें आम्ही सांगणार नाहीं. शेजारच्या कापसावर फवारणी झाली व औषध वाऱ्यानें तुतीवर आलें, तर तो पाला खाऊन अळ्या मरतात. म्हणून शेजाऱ्याशीं सलोखा हें या धंद्याचें पहिलें भांडवल होय. उझी माशीपासून जपावें लागतें. कोषांचे भाव चढतात तसे उतरतातहि. आणि संगोपनाच्या शेवटल्या आठवड्यांत घरांतील कोणासहि गांवाला जाणें जमत नाहीं. या कामाचा मोठा भार बहुधा घरांतील स्त्रियांवर पडतो. तेव्हां हा निर्णय त्यांना विचारून घ्यावा व उत्पन्नाचा हिशेबहि त्यांच्या हातीं द्यावा, नाहीं तर एकाची गोडी वाढेल व दुसरीची आटेल.

एकट्यानें नव्हे

निर्णय स्वतःचा असावा याचा अर्थ माणसानें एकटें रहावें असा नव्हे. शेजारच्या जालना जिल्ह्याचें उदाहरण घ्यावें. त्यांतील परतूर तालुका १९८१ पर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होता. तेथें खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रांत विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांचें मासिक चर्चासत्र वर्षानुवर्षें भरत आलें. त्याच केंद्राच्या साहाय्यानें कडवंची गांवानें १९९६ पासून पाणलोटाचें काम हातीं घेतलें. बांध घातले, शेततळीं खोदलीं, आणि कोरडवाहू म्हणून ओळखलें जाणारें तें गांव द्राक्षांसाठीं प्रसिद्ध झालें. पाऊस त्यांच्यावर कांहीं जास्त पडला नाहीं. पडलेल्या पावसाचें काय करावयाचें, हा निर्णय मात्र त्यांनीं गांव मिळून घेतला.

आपल्याकडेहि दहा उत्पादक एकत्र आले तर कायद्यानें शेतकरी उत्पादक कंपनी काढतां येते. २००२ सालच्या दुरुस्तीपासून ही सोय आहे. परंतु कंपनीची घाई करूं नये. नांवापुरत्या कंपन्या पुष्कळ निघतात व कागदावरच रहातात. आधीं पांच-सहा शेजाऱ्यांनीं महिन्यांतून एक दिवस ठरवून एकमेकांच्या शेतांत जावें, आपापली वही उघडावी, व कोणाचा एकरीं खर्च कमी कां आला हें मोकळ्या मनानें विचारावें. वर्षभर एवढें टिकलें, तर बियाण्याची एकत्र निवड व मालाची एकत्र विक्री हीं पुढचीं पाउलें आपोआप सुचतील.

कोणी म्हणेल, कीं पाऊस आमच्या हातीं नाहीं, भाव आमच्या हातीं नाहीं, आयात-निर्यातीचें धोरण तर नाहींच नाहीं. मग एका गोणपाटानें व एका वहीनें काय होणार? आक्षेप खोटा नाहीं. पाणी, भाव, पीकविमा व कर्ज यांविषयीं सरकारकडे मागणें मागावयाचेंच आहे, व तें नेटानें मागितलें पाहिजे. परंतु तें मिळेपर्यंतचा प्रत्येक हंगाम आपल्यालाच काढावयाचा आहे. जें आपल्या हातीं नाहीं त्याचा विचार करीत बसल्यानें, जें हातीं आहे तेंहि निसटतें, हा अनुभव आपण पुष्कळ घेतला आहे.

म्हणून आमची सूचना अगदीं लहान आहे. येत्या मृगापूर्वीं आपल्या शेतांतील एक एकर निवडावा. त्या एकराचें बीं स्वतः तपासावें. त्याचा पै-पैचा हिशेब स्वतंत्र पानावर लिहावा. त्याचा माल केव्हां विकावयाचा हें स्वतः ठरवावें. घरांतील मुलामुलींना त्या पानावर लिहूं द्यावें, व त्यांना एखादा प्रश्न सुचला तर तो टाळूं नये. बाकीची शेती पूर्वींप्रमाणेंच चालूं द्यावी. हंगाम संपल्यावर त्या एकराचें पान व बाकीची शेती शेजारीं शेजारीं ठेवून पहावी. नफा निघेल कीं तोटा, हें आज कोणीहि सांगूं शकणार नाहीं. परंतु काय झालें व कां झालें हें त्या एकरापुरतें तरी आपल्यास नक्की कळेल, आणि पुढच्या वर्षीं काय करून पहावें हें मनांत घोळूं लागेल. मनांत असें कांहीं घोळूं लागणें, यालाच आम्ही धंद्याची गोडी म्हणतों. ज्या बंधुभगिनी हा प्रयोग करतील, त्यांनीं आपलें पान, तोट्याचें असलें तरीहि, शेजाऱ्यांना अवश्य दाखवावें, इतकें सुचवून हा लेख पुरा करितों.